जुन्या संगणकाचा वेग : वाढवावा कसा आणि थांबावे कोठे

आपल्या गावच्या शाळेत, एखाद्या कचेरीत किंवा घरी पंधरा-सतरा वर्षांपूर्वीचा टेबलावरचा संगणक अजून असतो. चालू केला की चालतो, पण चालतो बैलगाडीच्या चालीने. मुले कंटाळतात, गुरुजी चडफडतात, आणि मग एखादा जाणता तरुण सांगतो, "गुरुजी, ह्याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येईल बघा. पैसा न घालता वेग वाढेल." हे खरे आहे का? असले तर कसे करावे? आणि त्यात धोका कोणता? ह्या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

उत्तर आधीच सांगून टाकतो. वेग वाढवता येतो. पण तो फुकट मिळत नाही. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. आणि धोक्याचे म्हणाल, तर प्रोसेसर जळून जाण्याचे प्रसंग कमी. खरी भीती वेगळीच आहे. यंत्र चालू राहते, दिसायला सगळे ठीक असते, आणि ते मुकाट्याने चुकीचे उत्तर देऊ लागते. पुढे जे सांगणार आहे, ते सगळे ह्या एका भीतीपोटी सांगतो आहे, हे ध्यानात असू द्या.

आता मुळापासून पाहू. शाळेतला लेझीमचा खेळ आपण सर्वांनी पाहिला आहे. हलगीवर ठोका पडला की सगळी मुले एक पाऊल टाकतात. दुसरा पडला की दुसरे. संगणकाच्या आतही असाच ठोका चालू असतो. ज्या प्रोसेसरावर २.४ गिगाहर्ट्झ असे लिहिलेले असते, त्याच्यात सेकंदाला २४० कोटी ठोके पडतात, आणि दर ठोक्याला आतली सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकते. हलगीवाल्याने ठोका जलद केला तर खेळही जलद होतो. हा कंपनीने ठरवून दिलेला ठोका आपण वाढवणे, ह्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण ठोका फारच जलद झाला तर काय होईल? शंभर मुलांत एखाद्याचे पाऊल अर्धवट राहील आणि तेथून रांग चुकेल. प्रोसेसराचेही तसेच आहे.

मग कंपनीनेच तो ठोका आधी जलद का ठेवला नाही, असे कोणी विचारील. त्याचे कारण आंब्याच्या बागाईतदाराला लगेच कळेल. एका झाडाचे आंबे उतरवले तरी सगळे एका प्रतीचे नसतात. ते निवडून वेगवेगळ्या पेट्यांत भरतात. प्रोसेसरही एका चकतीवर शेकड्यांनी तयार होतात आणि मग तपासून त्यांची प्रतवारी लावतात. तपासणीत थोडी सवड राखलेली असते, म्हणजे गरम खोलीत आणि हलक्या पंख्याखालीही माल चुकू नये. शिवाय बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली, तर चांगल्या प्रतीचा मालही स्वस्त पेटीत जातो. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ह्याच गोष्टीमुळे गाजला. तो ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाई. त्याचा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की पुष्कळदा तो ४५० वर सुरळीत चाले.

आपण उदाहरणाला घेऊ इंटेलचाच कोअर टू क्वाड क्यू६६००. तो जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला, आणि त्याच्या जातीचे पुष्कळ संगणक अजून कोठे कोठे चालू आहेत. ह्यात हिशेब सोपा आहे. मदरबोर्डाचा मूळ ठोका २६६ मेगाहर्ट्झ आणि प्रोसेसराचा गुणक ९. दोहोंचा गुणाकार केला की जवळजवळ २४००, म्हणजेच २.४ गिगाहर्ट्झ. गुणक ९ च्या वर नेता येत नाही, म्हणून वेग वाढवायचा तर मूळ ठोकाच वाढवावा लागतो. तो ३३३ केला की ३३३ गुणिले ९, म्हणजे सुमारे ३ गिगाहर्ट्झ. वाढ झाली पंचवीस टक्के.

गंमत अशी की, जुलै २००७ मध्ये इंटेलने स्वतःच ह्याच घडणीचा क्यूएक्स६८५० नावाचा महाग प्रोसेसर काढला. त्याचा मूळ ठोका ३३३ आणि वेग नेमका ३ गिगाहर्ट्झ होता. म्हणजे आपण जेथे जाऊ पाहतो, तेथे कंपनीही गेली होती. पण त्या प्रोसेसराच्या उष्णतेचा आकडा कंपनीने १३० वॉट दिला आहे, आणि क्यू६६०० च्या सुधारलेल्या आवृत्तीचा आकडा आहे ९५ वॉट. वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते असे वर म्हटले, ते हेच.

ही उष्णता एवढी का वाढते? क्यू६६०० च्या आत ५८ कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म बटणे, आहेत. प्रत्येक बटण म्हणजे नळाखाली ठेवलेली एक इवलीशी घागर आहे असे समजा. घागर भरली तर एक, रिकामी असली तर शून्य. पुढचा ठोका पडण्यापूर्वी ती भरली पाहिजे. ठोका जलद केला की वेळ कमी मिळतो, घागर अर्धी राहते, आणि मग ती भरली म्हणावी की रिकामी, ह्याचा घोटाळा होतो. ह्यावर उपाय म्हणजे नळाचा दाब वाढवणे. विजेच्या भाषेत हा दाब म्हणजे व्होल्टेज. दाब वाढवला की घागर लवकर भरते, पण उष्णता फार वाढते.

शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. चालू कामाची उष्णता ठोक्याच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ठोका पंचवीस टक्क्यांनी वाढवला आणि व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केले. व्होल्टेजची पट झाली १.०८, तिचा वर्ग सुमारे १.१७; त्याला १.२५ ने गुणले की सुमारे १.४६. वेग मिळाला पंचवीस टक्के, उष्णता वाढली सेहेचाळीस टक्के! म्हणून ठोका वाढवणारा फारसा फसत नाही. आंधळेपणाने व्होल्टेज वाढवणारा फसतो. जास्त दाब आणि जास्त उष्णता एकत्र आली की आतल्या सूक्ष्म तारांची झीजही लवकर होते.

आता त्या मुक्या चुकीविषयी. संगणक मध्येच बंद पडला तर आपल्याला कळते तरी. पण समजा एखादीच घागर दिवसातून एकदा अर्धी राहिली. पडद्यावर काही दिसणार नाही. गुणपत्रकातल्या एखाद्या ७२ च्या जागी दुसराच आकडा बसेल, किंवा एखाद्या फाइलचा थोडा भाग बिघडेल. ती चूक डिस्कवर लिहिली जाईल, आणि पुढे आपण नक्कल काढून ठेवू तीही चुकीचीच असेल. चार महिन्यांनी पालक विचारायला आले म्हणजे गुरुजी काय सांगणार? तेव्हा पहिला नियम असा : ज्या यंत्रात मुलांचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज, पगाराचा किंवा सोसायटीचा हिशेब आहे, त्याला हात लावू नये. मुलांच्या सरावाचा एखादा जादा संगणक असेल, तर त्याच्यावर हा प्रयोग खुशाल करावा.

दुसरी गोष्ट. यंत्र मंद आहे ते प्रोसेसरामुळेच, हे कशावरून? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून पाहा. काम चालू असता प्रोसेसर वीस टक्के आणि डिस्क शंभर टक्के दिसत असेल, तर ठोका वाढवून काडीचा उपयोग नाही. बैल उभे आहेत आणि गाडी चिखलात रुतली आहे, असा तो प्रकार. तेथे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, आणि रॅम दोन जीबी असेल तर चार करावी. जुन्या संगणकाला ह्याने जेवढा फरक पडतो तेवढा ओव्हरक्लॉकिंगने सहसा पडत नाही. आणखी एक. वेग वाढला म्हणून जुना प्रोसेसर नव्या आज्ञा शिकत नाही. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा कोअर टू जातीच्या प्रोसेसरांत मुळातच नाहीत. तेथे लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालणे बरे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला मदरबोर्ड. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत ठोका बदलण्याची सोय बहुधा दिलेलीच नसते. ती नसेल तर विषय तेथेच संपला. लॅपटॉपच्या तर वाटेलाच जाऊ नये. २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांपासून रीत बदलली. त्यांचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ असतो आणि तो थोडासाच हलतो. ज्यांच्या नावापुढे 'के' हे अक्षर आहे, उदाहरणार्थ आय५-२५००के, त्यांचा गुणक मात्र मोकळा असतो. त्यांच्यात फक्त गुणक एकेकाने वाढवायचा. पण त्यालाही बोर्ड तसाच लागतो.

बरे, एवढ्या कसोट्यांना यंत्र उतरले असे धरू. आता तयारी. प्रथम यंत्रात जे काही जपण्यासारखे असेल त्याची नक्कल बाहेर काढून ठेवा. मग वायर भिंतीतून काढा, पेटी उघडा आणि धूळ पाहा. आपल्याकडच्या शेताकाठच्या शाळांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची अक्षरशः गोधडी विणलेली सापडते. मऊ ब्रशाने ती काढा; पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका. ह्या जातीच्या मूळ हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी नीट बसली नसली तरी प्रोसेसर तापतो, आणि वरून पाहता ते ध्यानात येत नाही. वाळून खडू झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, लहान वाटाण्याएवढी. जास्त थापण्यात फायदा नाही. पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र सुधारते, आणि पुढची खटपट करावीच लागत नाही. ३ गिगाहर्ट्झपर्यंत जायचे असेल तर मात्र मूळचा छोटा हीटसिंक पुरणार नाही, मोठा घ्यावा लागेल. पॉवर सप्लाय जुना किंवा हलका असेल, किंवा खोलीत अर्थिंग धड नसेल, तर आधी ते पाहा.

आता प्रत्यक्ष कृती. एक वही घ्या. यंत्र चालू करताना डिलीट कळ दाबून बायोसमध्ये जा; काही बोर्डांवर दुसरी कळ असते. तेथे असलेले सगळे मूळ आकडे वहीत उतरवून घ्या. मग दोन बंदोबस्त करा. पहिला, पीसीआय एक्सप्रेसचा ठोका 'ऑटो'वर न ठेवता १०० वर पक्का करा, म्हणजे मूळ ठोका वाढला तरी बाकीची कार्डे ओढली जाणार नाहीत. दुसरा बंदोबस्त रॅमचा. रॅमही मूळ ठोक्याच्याच प्रमाणात धावते. डीडीआर२ ८०० ची रॅम २६६ च्या ठोक्यावर दोनास तीन ह्या प्रमाणात चालते. ते प्रमाण तसेच ठेवून ठोका ३३३ केला, तर रॅम १००० वर जाईल आणि चुकू लागेल, आणि दोष मात्र आपण प्रोसेसराला देऊ. म्हणून प्रमाण एकास एक करा. मग ३३३ वरही रॅम ६६७ वरच राहील. व्होल्टेजही 'ऑटो'वर सोडू नका. काही बोर्ड ते आपल्याला न विचारता वाढवून ठेवतात.

आता मूळ ठोका दहाने वाढवा : २६६ चा २७६. यंत्र चालू करा आणि परीक्षा घ्या. ह्या परीक्षेसाठी प्राइम९५ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या एका जागतिक उपक्रमासाठी तो तयार झाला, आणि तो उपक्रम १९९६ पासून चालू आहे. दोनाचा मोठा घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा आणि उरलेली संख्या मूळ आहे का हे पाहायचे, असे ते काम. त्यातला परीक्षेचा भाग यंत्राला ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते घालतो आणि उत्तर ताडून पाहतो. गुरुजी उत्तरपत्रिका हातात घेऊन बसतात ना, तसेच. एक उत्तर चुकले तरी तो थांबून सांगतो. आपली भीती मुक्या चुकीची होती. तिला बोलती करण्याचा हा उपाय आहे.

परीक्षा चालू असता तापमान दाखवणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ कोअर टेम्प, शेजारी उघडा ठेवा. पंधरा-वीस मिनिटे चालू द्या. वहीत चार रकाने करा : ठोका, व्होल्टेज, सर्वांत जास्त तापमान, आणि चूक झाली की नाही. सगळे ठीक असेल तर पुढचे दहा. चूक आली की तेथे उभे राहा. मग दोनच वाटा : मागच्या पायरीवर परत या, किंवा व्होल्टेज बायोसमधल्या लहानात लहान पायरीने वाढवून पुन्हा पाहा. क्यू६६०० सारख्या ६५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरांना कंपनीने व्होल्टेजची कक्षा १.५ पर्यंत दिली आहे, पण हवेने थंड होणाऱ्या साध्या यंत्रात १.३५ च्या वर जाण्याचे कारण नाही. त्यानंतरच्या ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरांची वरची मर्यादाच १.३६२५ आहे, तेथे तर फार जपून. तापमान पूर्ण कामात ७० अंशांच्या आत राहावे असा आपण आपला नियम करू. प्रोसेसर फार तापला तर स्वतःच वेग उतरवतो, आणखी तापला तर यंत्र बंद करतो हे खरे. पण कुंपण आहे म्हणून कोणी विहिरीच्या काठावर झोपत नाही.

येथे आपल्या हवामानाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. हीटसिंक हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. डिसेंबरात खोलीत २० अंश असता ज्याचे तापमान ६५ होते, ते नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात, खोलीत ४० अंश असता, ८५ च्या घरात जाईल. हिवाळ्यात पास झालेले यंत्र उन्हाळ्यात नापास होते ते ह्यामुळे. म्हणून शेवटची परीक्षा उन्हाळ्यात भर दुपारी घ्यावी. हिवाळ्यातच घ्यायची असेल तर वीस अंशांची सवड राखावी, म्हणजे त्या वेळी ५० च्या वर जाऊ देऊ नये.

मनासारखा वेग मिळाला की एक पायरी खाली उतरा आणि मग लांब परीक्षा घ्या : प्राइम९५ आठ तास, आणि रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर. दोन्हींत एकही चूक नको. 'एखादी चालेल' असे येथे नसते. मध्येच यंत्र सुरूच होईना झाले तर घाबरू नका. वायर काढा, बोर्डावरची रुपयाएवढी गोल बॅटरी काही मिनिटे काढून परत बसवा. बायोस मूळ आकड्यांवर येतो. मग वहीवरून पुन्हा सुरुवात करा.

एवढे करून हाती काय आले? प्रोसेसरावरच अवलंबून असलेले शंभर सेकंदांचे काम फार तर ऐंशी सेकंदांत होईल. चित्रफीत तयार करणे, मोठी फाइल दाबून लहान करणे अशा कामांत हे वीस सेकंद जाणवतील. पत्र टाइप करण्यात जाणवणार नाहीत. त्याबदल्यात विजेचे बिल, पंख्याचा आवाज आणि उष्णता वाढेल. हा सौदा आपल्याला परवडतो का, हे ज्याने त्याने ठरवावे.

शिक्षकांसाठी मात्र ह्यात आणखी एक लाभ आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन हा प्रयोग केला, तर गुणाकार, वर्ग, टक्केवारी आणि आलेख हे सगळे एका वहीत येते. मुलांना ठोका, तापमान आणि चूक ह्यांचे रकाने स्वतः भरू द्या. व्होल्टेज तसेच ठेवून घेतलेल्या आकड्यांचा एक आलेख आणि व्होल्टेज वाढवून घेतलेल्यांचा दुसरा, असे दोन काढायला सांगा, म्हणजे दुसरी रेघ किती उभी चढते ते त्यांना दिसेल. आणि कोठे थांबायचे, हे तुम्ही सांगू नका. आपण आखलेली ७० अंशांची रेघ त्या आलेखावर ओढून द्या आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.